ताई, गाडी गार आहे

ताई, बाहेर अडतीस आहे आणि आत सव्वीस. तू टांगलेले दोन्ही थर्मामीटर मी आत्ताच बघितले, चष्मा लावून बघितले, म्हणजे तुला शंका नको. दुपारचा दीड वाजलाय. गाडी शिवडीला युसुफभाईंच्या शेडसमोर मुद्दाम उन्हात उभी केली आहे, इंजिन बंद आहे, आणि मी मागच्या बेडवर मांडीवर वही घेऊन बसलोय. पायाची बोटं हलवून बघितली. दहाच्या दहा हलतात.

तुला जाऊन सतरा दिवस झाले. नायगावच्या तुझ्या चाळीतल्या मंडळाला तुझ्यावर एक पान हवंय. जन्म, शिक्षण, नोकरी, समाजकार्य. ते मी रेखाला लिहायला सांगितलं. माझी बायको असूनही तिने तुझ्याशी माझ्यापेक्षा कमी भांडणं केली, तिला जमेल ते. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि तेही या गाडीबद्दल, कारण गेले सहा महिने आपण दुसरं बोललोच नाही.

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. तुझा फोन आला, "दिल्या, खाली ये. घर आणलंय." मी परळच्या आमच्या खिडकीतून खाली बघितलं तर फूटपाथला लागून एक लांबच लांब मिनीबस, रंग दुधाळ, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, आणि ड्रायव्हरच्या जागी तू. एकसष्टाव्या वर्षी, केसांना पंजाबी ड्रेसच्या ओढणीची गाठ मारून. मागे टॅक्सीवाला हॉर्न वाजवून वेडा झाला होता आणि तू त्याला हाताने 'थांब रे' करत होतीस.

नाशिकच्या एका जोडप्याची ती गाडी. त्यांनी मिनीबस घेऊन आत दोन बेड, ओटा, सिंक आणि कपाटाएवढा संडास करून घेतला होता. चार वर्षं फिरले, मग काकांच्या गुडघ्यांनी संप केला. आत जुन्या पडद्यांचा वास होता आणि भिंतीवर तीन छोटे पंखे. एसी नाही. उन्हाळ्यात ते गाडी बाहेरच काढत नसत.

"मे महिन्यात सुरेशच्या प्राजक्ताचं लग्न आहे गावाला," तू म्हणालीस. सुरेश म्हणजे आपला मामेभाऊ, गाव म्हणजे मंडणगडच्या बाजूचं आपलं आजोळ. "तू येणार आहेस."

मी हसलो. मेमध्ये, आणि मी?

जे हे वाचतील त्यांच्यासाठी एवढं सांगतो, तुला तर पाठ आहे. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. नसांवरचं आवरण खराब होतं आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत नीट पोचत नाही. एरवी मी काठी घेऊन चालतो. पण अंग तापलं की निरोप अर्ध्या वाटेत थांबतो. आधी नजर धुरकट होते, मग पाय लाकडाचे होतात. गारव्यात नेलं की तासाभरात परत माणसात येतो. दादरच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो, वर्ग चौथ्या मजल्यावर, वर पत्रा. एका मार्चमध्ये फळ्यासमोर खाली बसलो तो उठलोच नाही. त्यानंतर अकरा उन्हाळे मी खोलीत काढले, एसीखाली, पडदे ओढून. आजोळी सगळे मेमध्येच जमतात, त्यामुळे अकरा वर्षांत मी त्यांना फक्त फोनवर बघितलं.

एसीच्या गाडीने गावापर्यंत जाता आलं असतं. ते मी तुला तेव्हाही म्हटलं. तूच उलट विचारलंस, "आणि उतरल्यावर? दुपारी लाइट जाते. घरावर पत्रा आहे. मांडव उन्हात. तुला दर तासाला बाथरूमला जावं लागतं, ती परसाच्या टोकाला. कुठे बसशील?" तुझ्याकडे उत्तर होतं आणि ते तू फूटपाथला लावून उभं केलं होतंस.

तेहतीस वर्षं तू परळच्या एका इस्पितळाच्या तळघरात काढलीस, एसीच्या प्लांटरूममध्ये. आयटीआयला रेफ्रिजरेशनच्या वर्गात एकटी मुलगी होतीस. वरची ऑपरेशन थिएटरं गार राहावीत म्हणून तू खाली घामाने निथळत मशिनं ऐकायचीस. ऐकायचीस म्हणजे खरंच ऐकायचीस. आमच्या घरी जेवायला आलीस तरी फ्रिजपाशी थांबून म्हणायचीस, "याचा आवाज मला आवडला नाही." मला ते विचित्र वाटायचं. गाडी आणलीस तेव्हा कळलं की तुझी खरी हौस तर आत्ता कुठे सुरू होणार होती.

युसुफभाई ट्रक-बसच्या बॉडी बांधतात. वय सत्तरीकडे. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं एसी बसवायचा म्हणजे भोक पाडायचं आणि बसवायचा. तू आधी आतलं सगळं छत उतरवलंस.

"बाई, ये क्या कर दिया?" ते म्हणाले.

"युसुफभाई, आधी गरमी आत येण्याचा रस्ता बंद करायचा. मग मशीन."

प्लांटरूममध्ये हवेच्या नळ्यांना गुंडाळतात तसलं काळं रबरशीट तू आणलंस आणि छताला, भिंतींना, दारांना, इंजिनच्या झाकणाला आतून चिकटवलंस. तीन आठवडे तुझ्या केसांत रबराचे तुकडे असायचे आणि अंगाला डिंकाचा वास. मी खुर्चीवर बसून तुकडे मापाने कापून द्यायचो. जानेवारीतली ती उन्हं मला चालायची. एका दुपारी तू नुसत्या रबरावर, मशीन न लावता, आतलं तापमान बघितलंस. शेजारच्या तसल्याच बसपेक्षा सहा डिग्री कमी! तू शेडमध्ये टाळ्या वाजवल्यास.

"अभी मशीन तो लगा भी नहीं," युसुफभाई म्हणाले.

"म्हणूनच तर!" तू म्हणालीस. त्यांना कळलं नसावं, पण त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मग आपलं पहिलं मोठं भांडण. मला छतावर बसणारा तयार एसी हवा होता. मी त्याची चित्रं बघितली होती, कसा सपाट, देखणा, वरून कासवासारखा. तुला घरातलाच इन्व्हर्टरवाला स्प्लिट एसी बसवायचा होता, बाहेरचा डबा गाडीच्या शेपटाला.

"कासव महाडच्या पुढे बंद पडलं तर कोण उघडणार?" तू म्हणालीस. "घरातला एसी उघडणारा माणूस प्रत्येक तालुक्याला आहे. आणि मी आहेच."

"घाणेरडं दिसेल."

"मग चांगलं दिसेल असं काढून दे ना, मास्तर."

मास्तर म्हणालीस आणि मी घरी जाऊन रात्रीचं जेवण विसरलो. अकरा वर्षांत मला कोणी काही काढून दे म्हटलं नव्हतं. गाडीच्या मागच्या डिकीचं माप घेतलं, डबा आत पूर्ण बसेल आणि गाडीबाहेर काहीही येणार नाही असं बघितलं, गरम हवा बाहेर फेकायला तिरक्या पट्ट्यांची जाळी काढली. सात कागद खराब केले. आठवा तुला दाखवला. तू कितीतरी वेळ बघत राहिलीस आणि म्हणालीस, "पट्ट्यांचा कल थोडा वाढव, पावसाचं पाणी आत येईल." एवढंच. पण युसुफभाईंना दाखवताना "माझ्या भावाने काढलंय" हे तू दोनदा म्हणालीस. मी ऐकलं होतं, ताई. तुला सांगितलं नाही.

बेडखाली लिथियमच्या बॅटऱ्या, वर सोलरच्या चार पाट्या, आणि इंजिन चालू असताना त्याच्यावरही चार्ज होईल अशी सोय. लोहार चाळीतून वायर आणायला आपण दोघं गेलो तेव्हा दुकानदार माझ्याशीच बोलत होता आणि उत्तरं तू देत होतीस. शेवटी तो तुझ्याकडे वळला आणि मी बाहेर स्टुलावर बसून उसाचा रस प्यायलो. गाडी उभी असताना, इंजिन बंद ठेवून, चार तास गारवा. तुझा हिशोब पक्का होता. लग्न लागणं, जेवण, दुपारची झोप, यात चार तास पुरेसे.

एप्रिल उजाडला आणि तू म्हणालीस, "चल, रस्त्यावर नेऊन बघू."

वरळीचं लिहावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. पण ते गाळलं तर बाकीचं खोटं होईल.

भर बाराला आपण निघालो. तू चालवत होतीस, मी मागे बेडवर राजासारखा. आत पंचवीस! मी पडदा सारून उन्हाकडे बघत होतो, उन्हातल्या माणसांकडे, फुग्याच्या गाडीकडे, आणि मोठ्याने हसत होतो. "ताई, बर्फ पडेल आता!" असं काहीतरी ओरडलो. तू आरशातून बघून हसलीस आणि मुद्दाम खड्ड्यांच्या रस्त्याने घेतलीस, कारण धक्के बसलेच पाहिजेत, नाहीतर परीक्षा कसली. कोळीवाड्याच्या तोंडाशी पोचलो आणि मागून फुस्स आवाज आला. तू लगेच म्हणालीस, "गॅस गेला." पुढे टेम्पो, मागे टेम्पो, गाडी अडकलेली. एसीतून आता कोमट हवा येत होती, मग तीही नाही. गरमी बाहेर ठेवणारं तुझं रबर आता ती आत धरून बसलं. तू खिडक्या उघडल्यास, पण उघडणाऱ्या दोनच. माझी नजर धुरकटली. मी म्हटलं, "ताई, पाय गेले."

तुला मी आयुष्यात पळताना फारसं बघितलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी एक कोळीण मासळीची पाटी लावून बसली होती. तिच्याकडे जाऊन तू म्हणालीस, "बर्फ द्या. भावासाठी पाहिजे."

"मावऱ्याचा बरफ हाय गो बाय. वास येल."

"येऊ दे."

ती स्वतः अर्धी पाटी उचलून आत आली. ना ओळख ना पाळख, माझा शर्ट वर केला, मानेखाली, काखेत, पायांखाली बर्फ भरला आणि म्हणाली, "आता बांगडा झालास बाबा." मला हसू आलं आणि रडूही. वीस मिनिटांनी डाव्या पायाचा अंगठा हलला. तिने तुला पैसे देऊच दिले नाहीत, आणि परत जाऊन बसली.

आणि मी काय केलं? मला सोडवणारी तू, आणि मी तुझ्यावरच ओरडलो. "मी तुझ्या प्लांटरूममधलं मशीन नाही. माझ्यावर प्रयोग बंद कर. विकून टाक ही गाडी." तू फरशीवरचं बर्फाचं पाणी फडक्याने पुसत राहिलीस. घरी सोडलंस तेव्हा जाताना एवढंच म्हणालीस, "नळीच्या सांध्याची चूक होती. तुझी नव्हती." हे भांडण आपलं अर्धंच राहिलं. मला तेव्हा विचारायचं होतं की तू हे माझ्यासाठी करतेस की स्वतःसाठी, आणि तू कोणतंही उत्तर दिलं असतंस तरी मी चिडलो असतो.

तीन दिवसांनी तू आलीस ती हातात तांब्याची नळी घेऊन. नळीला मध्ये दोन मोठी वेटोळी, जिलबीसारखी. "धर," म्हणालीस. मी एक टोक धरलं, तू दुसरं टोक धरून जोरजोरात हलवलंस. माझ्या हातात काहीच जाणवलं नाही. सगळा धक्का वेटोळ्यांतच फिरून संपत होता.

"सरळ नळी ताठ राहते, म्हणून सांध्यात तुटते. हिला डुलायला जागा दिली."

तांबं खिडकीतल्या उजेडात लाल-सोनेरी दिसत होतं. मी इतका चित्रकार नक्कीच आहे की अशी रेघ समोर असताना राग धरून बसणं मला जमत नाही. मी म्हटलं, "दुसरं वेटोळं थोडं छोटं कर, छान दिसेल." तू माझ्याकडे असं बघितलंस की मी म्हटलं, "बरं, असू दे."

त्यानंतरची चाचणी मे लागल्यावर, याच जागी, शेडसमोर. आत रिकामी गाडी तापवून तू आधी अठ्ठेचाळीसवर नेलीस, मग मशीन लावलंस. पस्तीस मिनिटांत सत्तावीस. मग मला आत बोलावलंस. मी बेडवर आडवा झालो, फक्त पाच मिनिटं म्हणून. उठलो तेव्हा चार वाजले होते. मे महिन्यात, भर दुपारी, अंगावर ओला पंचा न घेता मी झोपलो होतो, आणि तू पुढे ड्रायव्हरच्या सीटवर वळून बसून बॅटरीचा आकडा बघत होतीस. मी डोळे उघडताच तू शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडलीस, "तीन तास दहा मिनिटं! आणि अजून शिल्लक आहे!" युसुफभाई धावत आले, त्यांना वाटलं काही पेटलं.

आणि मग लग्न.

पहाटे पाचला निघालो. तू, मी, रेखा. माणगावला ऊन वर आलं, घाटात आपण थांबून आपल्याच ओट्यावर चहा केला, रेखाने खिडकीतून काजूची झाडं दाखवली आणि मी त्यांना नावं असल्यासारखं बघत बसलो. गावात शिरलो तेव्हा पोरं गाडीमागे पळत होती. तू गाडी मांडवाच्या मागे, दार मांडवाकडे करून लावलीस. मी काठी टेकत उतरलो तेव्हा मामी ओट्यावरून उठली. अकरा वर्षांनी बघितलं तिने मला, फोनच्या बाहेर. माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अरे, एवढा मोठा आहेस होय रे तू?"

दहा मिनिटं बाहेर, अर्धा तास आत. पण अर्ध्या तासात बातमी फुटली. आधी मामी आली, "जरा टेकते" म्हणून. मग तिच्या दोन जावा. मग नवऱ्या मुलाची आत्या, जिला कोणी ओळखत नव्हतं. मग प्राजक्ता स्वतः, पांढऱ्या साडीत, मेकअप वितळत आलेला, दोन मैत्रिणींसह. बेडवर नवरी, सिंकपाशी करवल्या, पायरीवर म्हाताऱ्या, आणि दारात तू, बस कंडक्टरसारखी. "दार लावा! गारवा जातोय! ओ काकू, एक तर आत या नाहीतर बाहेर जा!" तू एवढी खूश मी तुला कधी बघितली नाही. इस्पितळाच्या तळघरातून तू तेहतीस वर्षं गारवा वर पाठवलास आणि तो कोणाच्या अंगाला लागतो हे तुला कधी दिसलं नव्हतं. इथे प्राजक्ता डोळे मिटून म्हणाली, "आत्या, स्वर्ग आहे गं," आणि तू एकदम आकड्यांकडे वळलीस, कारण तुला चेहरा लपवायला दुसरी जागा नव्हती.

बारा वाजायला आले तसं तू सगळ्यांना बाहेर काढलंस. "चला, आता माझ्या भावाची पाळी. त्याला गार होऊ दे, लग्नाला उभं राहायचंय." आणि मी उभा राहिलो, ताई. भंते त्रिसरण-पंचशील देत होते, मी सगळ्यांबरोबर हात जोडून उभा, स्वतःच्या दोन पायांवर, आणि नवरा-नवरीने हार घातले तेव्हा मुठीतली फुलं मीच फेकली. नंतर पाय जड व्हायला लागले तसा मी चालत परत गाडीत आलो. कोणी धरलं नाही.

इथपर्यंत सगळं इतकं छान लिहिता येतं. पुढचंही लिहितो.

जेवणं झाल्यावर सुरेश गाडीत येऊन बसला. म्हणाला, "दिलीप, ताईने कमाल केली तुझ्यासाठी." आणि मी, मला काय झालं कळत नाही, मी म्हणालो, "अरे कसलं माझ्यासाठी. रिटायर झाल्यावर तिला काहीतरी उद्योग हवा होता. मी आपला तिच्या आनंदासाठी बसतो गाडीत." हसलोसुद्धा. मग बघितलं तर तू दारात उभी, हातात माझ्यासाठी ताक. तू ग्लास ओट्यावर ठेवलास आणि म्हणालीस, "पडदा ओढून घे, ऊन आत येतंय." सगळ्या परतीच्या वाटेवर तू नेहमीसारखीच बोलत होतीस. कुठला सांधा अजून घट्ट करायचा, कुठे आणखी रबर लागेल. मी म्हटलं, उद्या बोलू. मग उद्या तू शेडमध्ये होतीस, परवा माझा डॉक्टर होता, असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी सकाळी तुझ्या शेजारच्या वहिनींचा फोन आला. चहा गाळून तू खुर्चीत बसलीस ती बसूनच राहिलीस. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. मला त्यावर काही सुचत नाही, म्हणून तेवढंच लिहितो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी चाळीच्या सभागृहात एकेकाने उठून तुझ्याबद्दल सांगितलं. चळवळीतली कमल, इस्पितळातली कमल, चाळीच्या पाण्याच्या मोटरीची कमल. मी बोलणार नव्हतो. मग समोर सुरेश बसलेला दिसला. मी काठी घेऊन उभा राहिलो आणि त्याच्याकडे बघून म्हणालो, "सुरेश, मी तुला गाडीत खोटं बोललो. तिला उद्योगाची गरज नव्हती. मला गाडीची गरज होती. तिने माझ्यासाठी केली, आणि माझी लाज राखायला मला त्यातलं अर्धं काम दिलं." सुरेश उठून जवळ आला. सभागृहात पंखे होते फक्त, पाय जड झालेलेच होते. त्याने मला धरलं आणि मी धरू दिलं.

हे तुला नऊ दिवसांत सांगायचं होतं. लोकांसमोर सांगितलं, तुला नाही, ही चुकीची बाजू झाली. आता मला एवढंच म्हणायचंय की तो जो "मास्तर" तू म्हणालीस, त्यासाठी मी तुझा जन्मभर ऋणी आहे. गारव्यापेक्षाही जास्त.

आता कालचं सांगतो, कारण तेच सांगायला मी वही घेऊन बसलो.

माझ्याच डॉक्टरांकडे गिरगावची एक बाई येते, मीनल. माझाच आजार, वय चाळीस, लायब्ररीत काम करायची. तुझी आणि तिची भेट झाली नाही. वेटिंगरूममध्ये मी तिला गाडीचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, चौपाटी घरापासून सात मिनिटांवर आहे आणि सहा वर्षांत तिने दुपारचा समुद्र बघितला नाही. हिवाळ्यात संध्याकाळी नवरा नेतो तेवढाच. मी युसुफभाईंना विचारलं, चालवाल का? ते म्हणाले, "पूछना क्या है?" आणि स्वच्छ पांढरा कुर्ता घालून आले.

काल बाराला तिला आणि तिच्या नवऱ्याला घेतलं. गाडी समुद्राकडे पाठ करून लावली, इंजिन बंद, मशीन चालू. सुरू करायच्या आधी मी डिकी उघडून तुझी दोन्ही वेटोळी हाताने चाचपली, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघितलं. तू दाखवलं होतंस तसं, फक्त तुझ्यापेक्षा तिप्पट वेळ लागला. बुडबुडे नव्हते. आत पंचवीसवर आल्यावर मी मागचा पडदा पूर्ण सारला.

मीनल खिडकीजवळ सरकली. भरती होती. उन्हाने समुद्र इतका चमकत होता की डोळे बारीक करावे लागत होते. वाळूवर कोणीच नव्हतं, एवढ्या उन्हात कोण येणार? मग ती नवऱ्याला म्हणाली, "बघ, दुपारी रंग वेगळा असतो. मी तुला सांगत होते ना?" तो म्हणाला, "हो." आणि तिने काचेला हात लावला, काच तापलेली होती, झटकन हात काढला आणि जोरात हसली.

मी बॅटरीचा आकडा बघितला. तिचा नवरा हळूच मला म्हणाला, "काका, निघायचं का? तुम्हाला उशीर होत असेल."

"नाही हो," मी म्हटलं. "बसा आरामात. आत्ताशी तर दुपार सुरू झाली आहे."